चाळीस मिनिटांचा विसावा

केतकी उंबरकर हिला खोटं बोलता येत नाही, असं तिची आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, आणि ते खरंही होतं. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या मुलाखतीत, एवढंच काय, सासूबाईंनी केलेल्या आमटीबद्दलसुद्धा तिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. उभ्या आयुष्यात तिच्या हातून एकच खोटं काम झालं, आणि तेही तिनं स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवून घेतलं. माणूस आतून पोखरला जायला तेवढं पुरतं.

हे झालं पिंपळखुटीला, २०४१ साली. चंद्रपूर जिल्ह्यातली ही कोळशाची उघडी खाण संपून बारा वर्षं झाली होती. खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगरांवर आता सौरपट्ट्या चमकत होत्या, खड्ड्यात पाणी साठलं होतं, आणि दोन्हींच्या मधोमध ‘वैदर्भी हायड्रोजन’ या कंपनीचं पहिलं केंद्र उभं होतं. केतकी तिथली केंद्रप्रमुख. वय एकतीस, डोकं तल्लख, आणि घाई फार.

केंद्राचा जीव होता एका चळतीत. ताटांची चळत लावतो ना, तशीच ही चिनीमातीसारख्या पातळ चकत्यांची चळत. चकत्या झिर्कोनियाच्या पांढऱ्या भुकटीपासून भाजून केलेल्या. अशी चकती थंड असताना कुचकामी. पण साडेसातशे अंशांपर्यंत तापवली की तिच्यातून ऑक्सिजनचे भारित कण आरपार वाट काढू लागतात. दिवसा ऊन असतं, वीज उतू जाते. तेव्हा ती वीज आणि पाण्याची वाफ चळतीला द्यायची. वाफ फुटते, हायड्रोजन एका बाजूनं निघतो, ऑक्सिजन दुसऱ्या बाजूनं. हायड्रोजन टाक्यांत भरून ठेवायचा. सूर्य मावळला की तोच हायड्रोजन उलट त्याच चळतीत सोडायचा. आता ती वीज देते, आणि मागं उरते वाफ. एकच यंत्र, सकाळी पाणी फोडणारं आणि संध्याकाळी दिवे लावणारं.

फक्त एक मेख होती. पाणी फोडताना चळत उष्णता पिते, आणि वीज देताना उष्णता ओकते. म्हणजे दिशा उलटवली की चकतीच्या आतलं हवामानच बदलतं. ही उलटापालट चार मिनिटांत करावी, असं यंत्र बनवणाऱ्यांनी लिहून दिलं होतं.

चळतीवर माणूस होता मारोतराव वाघाडे. त्रेसष्ट वर्षांचे, सडसडीत, कानाच्या पाळ्या उष्णतेनं काळवंडलेल्या. बाप छपराचे कवेलू भाजायचा. स्वतः मारोतरावांनी तीस वर्षं लोणच्याच्या बरण्या करणाऱ्या कारखान्यात भट्टी सांभाळली होती. तो कारखाना बंद पडला, आणि साडेसातशे अंशांना न घाबरणारा माणूस कंपनीला हवाच होता.

रुजू होऊन दोन महिने झाले असतील, केतकीच्या लक्षात आलं की संध्याकाळी केंद्रातली मोठी बॅटरी जरा जास्तच उपसली जातेय. एका संध्याकाळी खांद्याला पर्स अडकवून निघता निघता तिनं विचारलं.

“मारोतराव, रोज पाऊण तास ही बॅटरी एकटीच गावांना वीज देते. तेवढा वेळ चळत काय करते हो?”

“विसावा घेते जी.”

“विसावा?”

“दिवसभर पाणी फोडूफोडू ते आतून थंडावते. संध्याकाळी वीज द्याले लागली का आतून तापते. झटक्यानं असं केलं तर मातीले सोसते का? मी दोन्हीकडचं बंद करतो, चाळीस मिनिटं तिले तशीच राहू देतो, अन् मग फिरवतो.”

“अहो, पण नियम चार मिनिटांचा आहे!”

“नियम करणाऱ्यानं कधी बरणी भाजली हाये का, मॅडम? बरणी तडकते ना, तेव्हा त्या दिवशी दिसत नाई. लोणचं भरल्यावर दिसते.”

केतकीला हसू आलं. म्हातारा तिला आवडायचा. पण पंधरा दिवसांनी कंपनीची तपासणी होती, आणि तपासणीत पहिली पाहणार होते ती उलटापालटीची वेळ. ती वेळ नोंदवणारा चळतीतला संवेदक तीनदा जळला होता आणि चौथा निविदेत अडकला होता. म्हणून मारोतराव ती हातानंच नोंदवत. चाळीस मिनिटं दिसली असती तर केंद्र नापास झालं असतं आणि मारोतराव घरी गेले असते.

“तुम्ही तुमचं करा,” ती म्हणाली. “पण नोंदीत चारच मिनिटं लिहा. कागद नियमाप्रमाणे असला की कुणी काही विचारत नाही.”

मारोतरावांच्या हातातलं पेन थांबलं. “खोटं लिवू जी?”

“खोटं कसलं त्यात! रीतसर लिहा, एवढंच. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.”

आणि ती गेलीसुद्धा. गाडी उभी होती बाहेर.

आपल्याकडे असं रोज हजार ठिकाणी चालतं. काम एक प्रकारे होतं, कागदावर दुसऱ्या प्रकारे उतरतं, आणि दोन्ही बाजू खूश असतात. केतकीनं त्या रात्री जेवताना नवऱ्याला ही गंमत सांगितली आणि दोघं हसली. तिला खरंच त्यात काही वाटलं नाही.

चौदा महिन्यांनी यंत्र बनवणाऱ्यांनी देशभर विकलेल्या चळती तपासल्या तेव्हा बाकी सगळ्या कमीजास्त झिजल्या होत्या. पिंपळखुटीची मात्र जशी आणली तशी होती. साहेबलोक विमानानं आले, फोटो निघाले. केतकीची नागपूरला बढती झाली आणि एकोणीस नव्या केंद्रांसाठी कार्यपुस्तिका लिहायचं काम तिच्याकडे आलं. पुस्तिकेसाठी पिंपळखुटीच्या नोंदी संगणकाला दिल्या गेल्या. नोंदी काय सांगत होत्या? रोज चार मिनिटांत उलटापालट, आणि झीज शून्य. संगणकानं निष्कर्ष काढला की चार मिनिटांनी चळतीला काहीही होत नाही, इतरांची झीज दुसऱ्या कशानं तरी झाली असावी. उलट बॅटरीचा खर्च वाचावा म्हणून नव्या केंद्रांना छोट्या बॅटऱ्याच द्याव्यात.

पुस्तिकेचं शेवटचं वाचन करताना केतकीला तो विसावा आठवला नाही, असं मी म्हणणार नाही. आठवला. त्या ओळीवर तिचं बोट दोन मिनिटं थांबलं होतं. पण मग तिच्या मनानं वकिली केली. चकत्यांचा तो लॉटच चांगला असेल. म्हाताऱ्याचा विसावा म्हणजे भट्टीला नारळ फोडण्यातला प्रकार. आणि आता खरं सांगायचं म्हणजे चौदा महिन्यांच्या नोंदी खोट्या, आणि त्या आपणच लिहायला लावल्या, हे सांगायचं. तिनं पान उलटलं.

मारोतरावांची मुलगी सुचिता याच धंद्यात आली. पदविका झाली, परवाना मिळाला, आणि आमडोहचं केंद्र तिच्या ताब्यात आलं. गावात पोरीचं कोण कौतुक! मारोतरावांनी तिला बजावून सांगितलं होतं, “चळतीले जरा दम घेऊ देत जा.” त्यावर ती म्हणाली होती, “बाबा, कार्यपुस्तिकेत चार मिनिटं आहेत. अन् ती कशावरून ठरवली माहीत आहे? तुमच्याच केंद्राच्या आकड्यांवरून. तुमची केतकी मॅडमच तर लिहिणारी.” मारोतरावांना वाटलं, मॅडमला खरं माहीत आहे, त्यांनी तपासूनच लिहिलं असणार.

तेरा महिने सुचितानं चार मिनिटांचा नियम काटेकोर पाळला. एका संध्याकाळी चळत फिरवली आणि आतून बारीक कटकट आवाज आला. चकत्या तडकल्या, हायड्रोजन आणि हवा आतल्या आत भेटली, आणि अर्धी चळत जळून गेली. कुणाला इजा झाली नाही, पण अकरा गावं तीन दिवस अंधारात राहिली. कंपनीनं चौकशी नेमली, आणि प्राथमिक टिपणात लिहिलं गेलं: चालकाचा निष्काळजीपणा. एवढा शेरा कायम झाला असता तर सुचिताचा परवाना जन्माचा रद्द झाला असता. समितीत तज्ज्ञ म्हणून कोण? केतकी उंबरकर.

चौकशीच्या आदल्या दिवशी मारोतराव नागपूरला तिच्या कार्यालयात आले. धुतलेला सदरा, पायात नवी चप्पल. खुर्चीच्या कडेवर बसले.

“मॅडम, ते चार मिनिटं तुम्ही माह्या वहीवरून घेतले का जी?”

केतकीनं मान हलवली.

“म्हणजे पोरीची चळत मीच फोडली म्हणा ना.” ते हळूच बोलले. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही नाही, मारोतराव. मी. मी उद्या समितीत सगळं सांगणार आहे. सुचिताला काही होऊ देणार नाही मी.”

“तुम्ही सांगतलं तर तुमचं काय होते?”

केतकीनं खरं ते सांगितलं. नोकरी जाईल. एकोणीस केंद्रांची पुस्तिका जाणूनबुजून चुकीची दिली म्हणून कदाचित खटलाही होईल. हे सांगताना तिचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे मारोतरावांना ऐकू जावं असंही तिला कुठंतरी वाटत होतं. याची लाज तिला पुढं फार वर्षं वाटत राहिली.

मारोतराव उठले. “पाहू उद्या. तुम्ही नीट झोपा आज,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. इतर केंद्रांचे चालक आले होते, दोनचार पत्रकार होते. सुचिता पहिल्या रांगेत ताठ बसली होती, मांडीवर कार्यपुस्तिका. समितीचे अध्यक्ष खानझोडे यांनी कामाला सुरुवात केली तोच मारोतराव मागून उभे राहिले.

“साहेब, पोरीची चूक नाई. पिंपळखुटीच्या नोंदी खोट्या हायेत. त्या मी लिवल्या.”

सभागृहात एकच कुजबुज. खानझोड्यांनी त्यांना पुढं बोलावलं.

“प्रत्यक्षात किती वेळ लागत होता?”

“चाळीस मिनिटं, साहेब. रोज. चौदा महिने.”

“आणि लिहीत होता चार! का बरं? चळतीला तेवढी विश्रांती लागते असं तुमचं मत होतं का?” खानझोडे हुशार गृहस्थ होते. चाळीस मिनिटांचा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानात आला होता. ते पुढं झुकले. “नीट आठवून सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. तसं मत असेल तर ते तुम्ही तुमच्या केंद्रप्रमुखांना सांगितलं होतं का?”

मारोतरावांनी एकदा केतकीकडं पाहिलं. अगदी क्षणभर. ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न तिला येणार, हे त्या दोघांनाच कळत होतं.

“नाई जी,” ते म्हणाले. “मले त्यातलं काय कळते? मी झोपत होतो, साहेब.”

“झोपत होता?”

“संध्याकाळची डुलकी लागे. उठलो का चळत फिरवत होतो, अन् टायमावर फिरवली म्हणून लिवत होतो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. खानझोड्यांनी पेन टेबलावर आपटलं. “तुमच्या झोपेपायी एकोणीस केंद्रांचं वाटोळं व्हायची वेळ आली! स्वतःच्या मुलीवर आळ येईपर्यंत तोंड उघडलं नाही तुम्ही. लाज वाटली पाहिजे!”

“वाटते जी,” मारोतराव म्हणाले.

सुचिता उठली. खुर्ची मागं ढकलून, बापाकडं न पाहता, चालत बाहेर गेली.

“उंबरकर मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?” खानझोड्यांनी विचारलं.

केतकीचं तोंड उघडलं होतं. अहो, खरंच उघडलं होतं. शब्द जिभेवर होते: ते झोपत नव्हते, मला सांगितलं होतं त्यांनी. पण सुचिता सुटली होती. म्हाताऱ्याचं पुढच्या वर्षी तसंही कामावरून उतरायचं वय होतं. सगळं आपोआप जागेवर पडलं होतं, आणि ते विस्कटायला हात धजेना.

“नाही,” ती म्हणाली.

पुढचं सगळं फार छान झालं, आणि तेच वाईट झालं. पिंपळखुटीची चांगली चळत आणि आमडोहची फुटलेली चळत केतकीनं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. झटक्यानं दिशा बदलली की चकतीच्या कडा आणि मध्य यांच्या तापमानात मोठा फरक पडतो, त्यातून केसासारख्या चिरा पडतात, आणि वर्षभर त्या कुठल्याच मापात दिसत नाहीत. विसावा दिला तर उष्णता सगळीकडे सारखी पसरते, साचलेला ऑक्सिजनही निघून जातो, आणि चीर पडतच नाही. म्हणजे भट्टीवरच्या माणसानं दोन वाक्यांत सांगितलेलं तिनं अठ्ठावीस पानांत सिद्ध केलं. सगळ्या केंद्रांवर मोठ्या बॅटऱ्या आल्या आणि चाळीस मिनिटांचा विसावा सक्तीचा झाला. एकही चळत पुन्हा तडकली नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं की झोपाळू कामगाराच्या चुकीतून एका शास्त्रज्ञ महिलेनं शोध लावला. केतकीला पारितोषिक मिळालं. ते तिनं घरी न नेता कार्यालयाच्या कपाटात टाकलं.

सुचिताला आमडोह परत मिळालं. दर दिवाळीला तिचा संदेश यायचा: ‘मॅडम, तुमच्यामुळे वाचले.’ केतकी तो वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

एकदा तिनं न राहवून मारोतरावांना फोन लावला.

“तुम्ही असं का केलंत?”

“पोरगी वाचली ना जी? मग झालं.”

“पण ती तुमच्याशी बोलत नाही असं कळलं मला.”

“बोलन कधीतरी. रागीट हाये, मायसारखी.” ते हसले. मग म्हणाले, “जग झोपाळू म्हणते त्याचं नाई काही. पण तीस वर्षं भट्टी सांभाळली, मॅडम, एक दिवस डोळा नाई लागला. ते तिले तरी माहीत असावं, असं वाटते कधी कधी.”

“मी सांगते तिला. आजच सांगते.”

“नका सांगू,” ते म्हणाले. “तुमच्या पुस्तकावर भरवसा ठेवून काम करते ते. तो भरवसा गेला तर ते भट्टीपाशी कशी उभी राहीन?”

केतकीनं ते ऐकलं. लगेच ऐकलं. इतक्या लगेच की फोन ठेवल्यावर तिचं तिलाच ओशाळं वाटलं. मारोतराव मनातून काय मागत होते ते तिला कळलं होतं, आणि तिनं मात्र आपल्या सोयीचं तेवढंच उचललं.

मारोतराव पुढच्या वैशाखात गेले. ऊन लागल्याचं निमित्त झालं, दोन दिवस दवाखान्यात होते. केतकीला तेरवीच्या आदल्या दिवशी कळलं. ती एकटीच गाडी चालवत गेली. रस्ताभर तिनं काय बोलायचं ते घोकलं, आणि गावात शिरल्यावर सगळं विसरली.

पंगती उठल्या होत्या. अंगणात सुचिता पत्रावळी गोळा करत होती. केतकीला पाहून ती हातातलं टाकून धावत आली.

“मॅडम, तुम्ही! एवढ्या उन्हाचं कशाला आलात? बाबांनी काय कमी त्रास दिला होता का तुम्हाला?”

“सुचिता,” केतकी म्हणाली, “तुझे बाबा झोपत नव्हते.”

उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. विसावा, पर्स खांद्याला अडकवून दिलेला तो सल्ला, पुस्तिकेच्या ओळीवर थांबलेलं बोट, समितीतला तो एक शब्द, ‘नाही’. फोनवरचं बोलणंही सांगितलं. काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणं तिला एवढं जड गेलं.

सुचिता रडली नाही, ओरडली नाही. तिथंच ओट्यावर बसली.

“दवाखान्यातून मला सकाळीच फोन आला होता,” ती म्हणाली. “मी शिफ्ट पूर्ण करून निघाले. घाई नव्हती काही. मुद्दामच पूर्ण केली.”

“मी उद्या कंपनीला लेखी देतेय. वर्तमानपत्रांनाही. शोध त्यांचा होता, सगळ्यांना कळेल. परवाच्या आत…”

“द्या,” सुचिता म्हणाली. कागदाचं तिला काही पडलेलं नव्हतं. ती दुसराच कसला तरी विचार करत होती. मग तिनं मान वर केली. “मॅडम, झोपत नव्हते, तर मग ते काय करत होते?”

“म्हणजे?”

“चाळीस मिनिटं. रोजची. चळतीपाशी बसत होते का? हात लावून पाहत होते? काही बोलत होते का तिच्याशी? घरी कधीच सांगितलं नाही त्यांनी, अन् मी विचारलं नाही. तुम्ही होता ना त्यांच्यासोबत इतके महिने. सांगा ना, कसे बसत होते?”

केतकी आठवू लागली. तिला बॅटरीचे आकडे आठवले. झिजेचे आलेख आठवले, तपासणीची तारीख आठवली. काळवंडलेल्या कानाच्या पाळ्या आठवल्या. त्यापुढं काही आठवेना. चळतीला विसावा मिळायचा ती वेळ तिची घरी जायची वेळ होती.

“मला माहीत नाही गं,” ती म्हणाली. “मी एकदाही थांबले नाही.”